तात्पुरती फाईल देणे (एआय चॅट सहाय्यक)

एआय चॅट सहाय्यकाला प्रश्न विचारताना कागदपत्र, फोटो किंवा एक्सेलचा तक्ता जोडायचा आणि काम झाल्यावर तो संभाषणाच्या इतिहासात राहू द्यायचा नाही, या पद्धतीला तात्पुरती फाईल देणे म्हणतात. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुले झाले तेव्हा त्याला फक्त मजकूर देता येत असे. फाईल जोडण्याची सोय नंतर आली.

फाईल अपलोड झाली की ती कंपनीच्या सर्व्हरवर जाते. तिच्यातला मजकूर बाहेर काढून, त्याचे टोकन नावाचे तुकडे करून, तो प्रश्नासोबत मॉडेलपुढे, म्हणजे उत्तर तयार करणाऱ्या एआय प्रणालीपुढे, ठेवला जातो. एका वेळी किती टोकन मावतील याला मर्यादा असते. त्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा देवनागरीला सहसा जास्त टोकन लागतात, त्यामुळे मोठा मराठी अहवाल भागाभागाने देणे बरे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली पीडीएफ हे आणखी एक दुखणे. सहकारी संस्थांच्या जुन्या अहवालांत अशा फाईली हमखास सापडतात. पडद्यावर अक्षरे स्वच्छ दिसतात, पण आतला मजकूर युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत) नसल्याने सहाय्यकाच्या हाती निरर्थक चिन्हे लागतात. अशा वेळी पानाचा फोटो काढून दिला तर काम होते.

सोलापूर भागात या सोयीचा उपयोग कुठे होतो, हे कांदापट्टीवरून चांगले कळते. बाजार समितीत माल विकला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते: पिशव्या, वजन, दर, त्यातून वजा झालेली हमाली, तोलाई, मोटारभाडे आणि खाली निव्वळ रक्कम. हंगामभराच्या पट्ट्यांचे फोटो दिले तर सहाय्यक त्यांचा एकच तक्ता करून देतो आणि कोणत्या वेळी कपात किती गेली ते समोर येते. मात्र घाईत लिहिलेला १ आणि ९ यांत तो गफलत करू शकतो. म्हणून वजन गुणिले दर, वजा कपात, हा ताळा प्रत्येक पट्टीचा स्वतः करावाच.

फाईल इतिहासातून दिसेनाशी झाली तरी ती लगेच पुसली जातेच असे नाही. चॅटजीपीटीच्या ‘टेम्पररी चॅट’मधले संभाषण इतिहासात दिसत नाही आणि मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरले जात नाही, पण सुरक्षेच्या कारणासाठी त्याची प्रत ३० दिवसांपर्यंत ठेवली जाऊ शकते. गूगलच्या जेमिनी या सहाय्यकाच्या तशाच सोयीत ही मुदत ७२ तासांची आहे. न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने चॅटजीपीटीची कंपनी ओपनएआय हिच्याविरुद्ध लावलेल्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने मे २०२५ मध्ये संभाषणांच्या नोंदी जपून ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा ग्राहकांनी पुसलेली संभाषणेही त्यात अडकली. हे बंधन सप्टेंबरमध्ये उठले. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

म्हणून मुदतीच्या भरवशावर न राहता फाईल देण्याआधीच ती साफ करणे हाच खरा बंदोबस्त आहे. सोलापुरात गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे. शाळेकडून येणाऱ्या मापांच्या यादीत विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, तुकडी, छाती, उंची असे सगळे असते. किती मीटर कापड लागेल हे काढायला यातली मापे पुरतात; मुलांची नावे परक्या सर्व्हरवर पाठवण्याचे काहीच कारण नाही. नावाचा रकाना काढून तिथे अनुक्रमांक टाकावा आणि मूळ यादी आपल्या संगणकावर ठेवावी. चादरीच्या नव्या नक्षीचा आराखडा बाजारात येण्याआधी देणेही टाळावे. आधारची प्रत सहसा देऊच नये. अगदीच लागली तर पहिले ८ आकडे झाकलेले ‘मास्क्ड आधार’ आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.