इंटिग्रेशन की मायग्रेशन? जुन्या सिस्टीमला हात लावण्याआधी हे ठरवा

"जुनी सिस्टीम नव्याशी जोडायचीय" असं मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, सगळे हो म्हणतात, पण अर्ध्या लोकांच्या डोक्यात जुनी सिस्टीम तशीच चालू राहणार असते आणि उरलेल्यांच्या डोक्यात ती वर्षभरात बंद होणार असते. पहिलं म्हणजे इंटिग्रेशन, दुसरं मायग्रेशन. दोन्हीत डेटा इकडचा तिकडे जातो, दोन्हीत मॅपिंगच्या, म्हणजे जुन्यातली कुठली माहिती नव्यात कुठे बसते त्याच्या, एक्सेल शीट बनतात, दोन्हीत कोबोल ही जुनी प्रोग्रामिंग भाषा वाचता येणारी तीच दोन-तीन माणसं लागतात, त्यामुळे लांबून सारखंच वाटतं. पण खर्च, टेस्टिंग आणि मुख्य म्हणजे बदल कसे सांभाळायचे हे पूर्ण वेगळं असतं.

मी सरळ एकच प्रश्न विचारतो. काम झाल्यावर दोन सिस्टीममध्ये एकाच खात्याचा बॅलन्स वेगळा दिसला तर खरा कुठला धरायचा? जुन्यातला असेल तर ते इंटिग्रेशन, नव्यातला असेल तर मायग्रेशन, आणि उत्तर "ते नंतर बघू" असं आलं तर काम सुरूच करू नका, मनापासून सांगतोय.

इंटिग्रेशनमध्ये जुनी सिस्टीम मालक राहते. तिच्यापुढे एपीआयचा (बाहेरच्या प्रोग्रामने माहिती मागायच्या दाराचा) थर टाका, मेसेज क्यू (निरोपांची रांग) लावा, नाहीतर रात्रीच्या बॅचनंतर, म्हणजे एकगठ्ठा चालणाऱ्या कामांनंतर, फाइल पाठवा, आत हिशोब तीच करते. इथे घोळ होतो तो सीमेवर, आणि तो किती गुपचूप होतो ते बघा. मेनफ्रेमवर, म्हणजे अशा जुन्या सिस्टीम चालतात त्या मोठ्या कॉम्प्युटरवर, आकडे बऱ्याचदा कॉम्प-३ फॉरमॅटमध्ये असतात, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह, सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. ४०० ही रक्कम तीन बाइटमध्ये, हेक्समध्ये (बाइट लिहायची सोळाच्या पायाची पद्धत) लिहिली तर, ००, ४०, ०सी अशी बसते. आता ही फाइल कोणी एफटीपीने (फाइल पाठवायची जुनी पद्धत) टेक्स्ट मोडमध्ये ओढली की प्रत्येक बाइट अक्षर समजून एबसिडिकमधून (अक्षरांचे मेनफ्रेमवरचे कोड) आस्कीमध्ये (बाकीच्या कॉम्प्युटरवरचे कोड) बदलला जातो, आणि एबसिडिकमध्ये हेक्स ४० म्हणजे स्पेस, आस्कीमध्ये स्पेस म्हणजे हेक्स २०, बाकीच्या दोन बाइटचा कोड दोन्हीकडे एकच असल्याने ते आहेत तसेच राहतात, म्हणजे पलीकडे पोचतात ००, २०, ०सी. ४०० चे २०० झाले आणि एरर कुठेच नाही! फाइल आली, रेकॉर्ड काउंट जुळला, जॉब (आपोआप चालणारं काम) हिरवा. म्हणून नुसता काउंट जुळवून भागत नाही, रकमांची बेरीजही दोन्हीकडे जुळवायला हवी.

आणि इंटिग्रेशनला शेवटची तारीख नसते हे लोक विसरतात. प्रोजेक्ट टीम निघून जाते पण जोड तिथेच राहतो, जुन्या बाजूचा प्रत्येक बदल त्याला लागतो. फिक्स्ड लेंग्थ रेकॉर्डमध्ये कॉमा वगैरे काही नसतं, कुठल्या जागेपासून कुठपर्यंत कुठली फील्ड हे कॉपीबुकमध्ये लिहिलेलं असतं, त्यामुळे मधली एक फील्ड दोन बाइटने वाढवली की तिच्या पुढचं सगळं सरकतं, आणि जुनं कॉपीबुक धरून वाचणारा प्रत्येक प्रोग्राम चुकीच्या जागेवरून उचलायला लागतो. त्यामुळे जाणती माणसं नवीन फील्ड शेवटच्या फिलरमधून, म्हणजे राखून ठेवलेल्या रिकाम्या जागेतून, काढतात, मध्ये घुसवत नाहीत. पण त्याहून जास्त कामाची गोष्ट म्हणजे ही फाइल कोण कोण वाचतं त्याची यादी. ती ताजी नसेल तर चेंज रिक्वेस्टवर कितीही सह्या घ्या, उपयोग नाही.

मायग्रेशनमध्ये उलटं, तारीख असते आणि सगळा ताण त्या तारखेवर येतो. डेटा हलवणं हा त्यातला एकच भाग आहे. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं उदाहरण घ्या, ती जुन्या मालकाच्या म्हणजे लॉइड्सच्या सिस्टीमवर चालत होती, एप्रिल २०१८ मध्ये तिने नव्या मालकाच्या, सबाडेलच्या, प्लॅटफॉर्मवर उडी मारली. डेटा नीट पोचला होता! पण नवा प्लॅटफॉर्म लगेच अडखळायला लागला, लोकांना खात्यात शिरता येईना, शाखांमध्येही गोंधळ, आणि कामकाज पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी ४.८६५ कोटी पौंड दंड लावला. डेटा टॅली झाला म्हणजे मायग्रेशन झालं असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

दुसरं म्हणजे जुन्या सिस्टीमचे न लिहिलेले नियम. साधं सॉर्टिंग घ्या, एबसिडिकमध्ये अक्षरं आधी आणि अंक नंतर येतात, आस्कीमध्ये अंक आधी. कोड तोच, डेटा तोच, पण रिपोर्टचा क्रम बदलतो, आणि दोन फाइली क्रमाने जुळवणारा प्रोग्राम रेकॉर्ड सापडत नाही म्हणून पुढे निघून जातो. अशा गोष्टी पॅरलल रनमध्ये, म्हणजे जुनी-नवी दोन्ही सिस्टीम काही काळ शेजारी चालवल्या की, सापडतात, आणि त्यात एक तरी महिनाअखेर आलीच पाहिजे, शक्य असेल तर वर्षअखेरही, कारण खरे विचित्र जॉब तेव्हाच चालतात. या काळात जुन्या बाजूला फ्रीझ लागतो, म्हणजे नवे बदल बंद. कायद्याने आलेले बदल थांबत नाहीत, ते दोन्हीकडे करावे लागतात, बाकीच्यांना ठाम नाही म्हणावं लागतं आणि ते म्हणायला वरचा माणूस पाठीशी लागतो.

गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो तुकड्यातुकड्याने केलेल्या मायग्रेशनमध्ये. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरने २००४ मध्ये याला स्ट्रँगलर असं नाव दिलं, पुढे ते स्ट्रँगलर फिग झालं, दुसऱ्या झाडावर रुजून हळूहळू त्याला वेढून टाकणाऱ्या झाडावरून. पद्धत चांगलीच आहे, मला एका रात्रीच्या उडीपेक्षा ही बरी वाटते, पण चालू असताना ती हुबेहूब इंटिग्रेशनसारखी दिसते. म्हणून दोन-तीन मॉड्यूल हलली, बजेट संपलं, लोक दुसरीकडे गेले की ती तशीच राहते, आणि दोन्ही बाजूंना लिहिणारा टू-वे सिंक कायमचा गळ्यात पडतो. मग पत्ता इथे बदलला, फोन तिथे बदलला, शेवटचा कोणाचा धरायचा यावर रोज तक्रारीचं तिकीट. प्रत्येक तुकड्याला मालक आणि जुना भाग बंद करायची तारीख, दोन्ही सुरुवातीलाच लिहून घ्या.

आणि बंद म्हणजे खरंच काढून टाकायचं. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीने नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर टाकला, आठव्यावर अनेक वर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, आणि नव्या फीचरसाठी जो फ्लॅग (चालू-बंदचा स्विच) घेतला तो पूर्वी त्याच जुन्या कोडचा होता, त्यामुळे आठव्यावर तो जुना कोडच जागा झाला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान. मायग्रेशनच्या प्लॅनमध्ये शेवटची ओळ "गो-लाइव्ह" (नवी सिस्टीम चालू) असेल तर तिच्याखाली अजून काही ओळी लिहायच्या राहिल्यात: जुने जॉब शेड्यूलरमधून काढणे, युजर आयडी बंद करणे, इंटरफेस तोडणे, जुना डेटा फक्त वाचता येईल असा ठेवणे, आणि या प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव.