मुंग्यांचा घरगुती प्रतिबंध

मुंग्यांनी घरात शिरून अन्नापर्यंत वाट पाडू नये किंवा घरातच वसाहत थाटू नये, यासाठी योजल्या जाणाऱ्या उपायांना मुंग्यांचा घरगुती प्रतिबंध म्हणतात. फॉर्मिसिडी या मुंग्यांच्या कुलातील वर्णन झालेल्या जातींची संख्या सुमारे १४,००० असली, तरी माणसाच्या वस्तीला उपद्रव देणाऱ्या जाती त्यांतील अगदी थोड्या आहेत. बोलीभाषेत ‘पांढरी मुंगी’ म्हटली जाणारी वाळवी ही मुंगी नव्हे. ती झुरळांच्या गणातील कीटक असून तिचा बंदोबस्त निराळ्या रीतीने करावा लागतो. पंख फुटलेले कीटक घरात दिसू लागले, तर प्रथम हा भेद पाहावा. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्या पंखांहून मोठे असतात. वाळवीच्या मिशा सरळ, कंबर जाड आणि चारही पंख जवळजवळ सारख्या लांबीचे असतात.

घरात राहणाऱ्या जातींमध्ये सर्वांत चिवट मानली जाणारी जाती म्हणजे फॅरो मुंगी (मोनोमोरियम फॅरोनिस) होय. पिवळसर रंगाची ही मुंगी जेमतेम २ मिमी. लांब असते. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ मध्ये ईजिप्तमधील मुंगी म्हणून तिचे वर्णन केले. ईजिप्तच्या फॅरो राजावर ओढवलेल्या आपत्तींपैकी ही एक, या समजुतीवरून तिला हे नाव मिळाले असावे, असे सामान्यतः सांगितले जाते. बायबलमधील दहा आपत्तींत मात्र मुंग्यांचा उल्लेख नाही. नावामुळे आणि पहिल्या नोंदीच्या स्थळामुळे तिचे मूलस्थान दीर्घकाळ आफ्रिका मानले गेले व अनेक संदर्भग्रंथांत आजही तसेच दिलेले आढळते. जेम्स वेटरर यांनी २०१० मध्ये जगभरच्या नोंदी तपासून उष्णकटिबंधीय आशिया हे मूलस्थान अधिक संभाव्य ठरविले. व्यापारी मालाबरोबर सहज प्रवास करणाऱ्या कीटकाच्या बाबतीत पहिल्या वर्णनाचे स्थळ हा मूलस्थानाचा दुबळा पुरावा ठरतो, हे लक्षात घेता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मूलस्थान यांपैकी कोणतेही असले, तरी ती उष्ण प्रदेशातील आहे याविषयी मतभेद नाही. थंड हवामानात ती केवळ ऊब असलेल्या इमारतींत तग धरते, त्याचा उलगडा यावरून होतो. तेथे ती भिंतीतील भेगा, विजेच्या उपकरणांची पोकळी, फार काय, कागदांच्या चळतीतील फटी अशा ठिकाणीही वसाहत करते. रुग्णालयांतील अशा मुंग्यांच्या अंगावर रोगजंतू आढळल्याचे १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये दाखवून देण्यात आले.

या जातीचे मीलन वसाहतीतच होते, एका वसाहतीत अनेक राण्या असतात आणि त्रास जाणवताच कामकरी मुंग्यांचे गट अंडी-अळ्या घेऊन अन्यत्र बस्तान हलवितात. सोबत राणी नसली, तरी नेलेल्या अळ्यांतून त्या नवी राणी वाढवू शकतात. अशा वसाहतीवर झटपट मारणारा व हुसकावणारा फवारा मारला, तर एका वसाहतीच्या चार होण्याचा संभव असतो. घरगुती प्रतिबंधात सर्रास होणारी चूक हीच होय.

मुंग्यांची रांग गंधमार्गावर चालते. अन्न गवसलेली मुंगी परतताना पोटाचे टोक जमिनीला टेकवीत रासायनिक खूण ठेवते. आगमुंगी या डंख मारणाऱ्या मुंगीत हे द्रव्य पोटाच्या टोकाजवळील ड्यूफूर ग्रंथीतून येते, असे ई. ओ. विल्सन यांनी १९५९ मध्ये दाखविले. तिचा माग काही मिनिटांत विरतो, तर फॅरो मुंगीचा बराच अधिक टिकतो; शिवाय लाभ नसलेल्या फाट्यावर ती ‘इकडे जाऊ नये’ अशी उलटी खूणही ठेवते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. रांगेची पट्टी साबणाच्या पाण्याने पुसल्यास पुसलेल्या कडेशी मुंग्या थबकतात, मिशा दोन्ही बाजूंना हलवीत घुटमळतात आणि बऱ्याचशा मागे वळतात. परंतु पलीकडचे अन्न तसेच राहिले, तर एखादी मुंगी पट्टी ओलांडते व थोड्याच वेळात रांग पुन्हा जुळते. म्हणून अन्न झाकणे व सांडलवंड टिपणे हे पुसण्याच्या आधीचे काम समजावे. फटी बुजविण्यापूर्वी रांग कोठून येते हे उलट दिशेने जाऊन पाहावे. कुंड्यांतील झाडांवर मावा किंवा पिठ्या ढेकूण असल्यास त्यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या येतच राहतात.

हवामानाचा परिणाम पुष्कळ असतो. कॅलिफोर्नियातील घरांची पाहणी करून डेबोरा गॉर्डन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे नोंदविले की, आर्जेंटाइन मुंग्या थंड व ओल्या हवेत सर्वाधिक आणि त्याखालोखाल उष्ण व कोरड्या हवेत घरात शिरतात. स्वच्छतेत काहीही फरक पडलेला नसताना रांगा अचानक का लागतात, याचे हे एक समर्पक स्पष्टीकरण होय.

अडथळ्याच्या उपायांत कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे हा जुना उपाय आहे. पाण्यावर धुळीचा थर साचला किंवा कपाट भिंतीला टेकले, तर तो निकामी होतो. पाण्यात साबणाचा थेंब टाकल्यास पृष्ठताण कमी होऊन मुंगी बुडते. प्रयोगशाळांत मुंग्या भांड्याबाहेर पडू नयेत म्हणून काठाला आतून फ्लुऑन या टेफ्लॉनसारख्या गुळगुळीत द्रव्याचा लेप देतात.

वसाहतच संपविण्यासाठी आमिष वापरतात. प्रौढ मुंगी केवळ द्रव गिळू शकते. घन कण ती अळ्यांना भरविते आणि पोटात साठविलेला द्रव तोंडातून तोंडात इतरांना देते. त्यामुळे विष मंद हवे. स्ट्रिंगर व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये घातलेल्या कसोटीनुसार पहिल्या २४ तासांत १५ टक्क्यांहून कमी मुंग्या मराव्यात, परंतु चाचणीअखेर जवळजवळ ९० टक्के मराव्यात. सुमारे १० टक्के साखरेच्या पाण्यात १ टक्का किंवा त्याहून कमी बोरिक आम्ल हे मिश्रण गोड खाणाऱ्या जातींवर चालते. प्रमाण वाढविल्यास मुंग्या ते टाळतात किंवा वाटेतच मरतात. मायरेक्स हे विषही मंद होते, परंतु निसर्गात टिकून राहत असल्याने टिकाऊ प्रदूषकांविषयीच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात त्याला वर्ज्य रसायनांत टाकण्यात आले. आमिष ठेवल्यावर पहिले एक-दोन दिवस रांग दाट होते. त्या काळात फवारा मारू नये व रांग पुसू नये.

दालचिनी, लवंग इत्यादींची तेले हुसकावण्यापुरती उपयोगी असून त्यांचा परिणाम वास उडेपर्यंतच टिकतो. कीटकनाशक खडू लिहिण्याच्या खडूसारखाच दिसत असल्याने लहान मुले असलेल्या घरात तो टाळावा.