काटा रुतल्यावर आत जागल सुरू होते

मागच्या उन्हाळ्यात वावराला काट्याचं कुंपण करताना आमच्या काकांच्या टाचेत बाभळीचा काटा घुसला, चप्पल फोडून आत. त्यांनी तो उपटला, हळद-तेल लावलं अन् लागले कामाला. दुसऱ्या दिवशी टाच लाल, गरम, ठणकायला लागली, मग पू झाला अन् जांघेत गाठ आली. काका म्हणे, "पाय सडून राह्यला बाबू माहा."

सडत नव्हता. डुकरांपायी आपण रात्री वावरात जागल करतो ना, तसे कातडीखाली मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, बसलेले असतात. काट्यासोबत मातीतले बॅक्टेरिया आत आले की हे त्यांना गिळतात अन् केमिकल सोडून बाकीच्यांना हाक देतात, त्या हाकेनं रक्तनळ्या फुगतात म्हणून लाली अन् गरमी, त्यातून पाणी झिरपतं म्हणून सूज, अन् रक्तातले न्यूट्रोफिल धावत येतात. रक्ताच्या रिपोर्टात डब्ल्यूबीसी लिहिलेलं असतं, त्या पांढऱ्या पेशी, मोठ्या माणसात एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 4000 ते 11000, त्यात बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिलच. लढता लढता ते मरतात, पू म्हणजे मुख्यतः तेच. हे कळल्यापासून मला पुवाची किळस येत नाही.

गंमत म्हणजे हे कळलंही काट्यामुळंच. 1882 मध्ये इटलीत मेसिनाला मेचनिकॉव्ह नावाच्या रशियन माणसानं तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटे टोचले, सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या! 1908 चं नोबेल त्याला अन् पॉल एर्लिख यांना मिळून भेटलं.

जांघेतली गाठ म्हणजे लिम्फ नोड, पांढऱ्या पेशींचा अड्डा. जंतूचा तुकडा, म्हणजे अँटीजन, तिथं पोचतो, अन् ज्या बी सेलला (ही पण एक पांढरी पेशीच) तो बरोबर जुळतो ती वाढून अँटीबॉडी, म्हणजे त्याच जंतूला चिकटणारं प्रोटीन, बनवते. पहिल्या वेळी याला आठ-दहा दिवस लागतात, पण काही पेशी ओळख ठेवून राहतात, म्हणून पुढच्या वेळी काम लवकर होतं. लस ही ओळखच करून देते.

धनुर्वाताचं मात्र वेगळं आहे. त्याचे जंतू मातीत, शेणात वर्षानुवर्षं टिकतात (म्हणून जखमेवर शेण-माती कधीच लावू नका), अन् त्याचं विष एवढं जहाल की माणसाला आजार होतो तेवढ्या विषानंही शरीराला ओळख पटत नाही, आजारातून वाचला तरी पुन्हा होऊ शकतो. इंजेक्शनात तेच विष निकामी करून दिलेलं असतं, भरपूर, म्हणून ओळख पटते. ती दहा-एक वर्षांत फिकी पडते, मातीची खोल जखम असली अन् शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं झाली असली तरी डॉक्टर पुन्हा देतात.

काकांना विचारलं, शेवटचं कधी घेतलं, तर म्हणे लग्नाच्या आधी. त्याच दुपारी गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं.