बाउरायडर

बाउरायडर : नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या निमुळत्या भागात, बसायला उघडी जागा असलेली वेगवान मोटारबोट. कोकणात जिला नाळ म्हणतात तिला इंग्रजीत ‘बाउ’ म्हणतात, आणि तिथे बसून फिरता येते म्हणून हे नाव. एरवी मोटारबोटीची नाळ वरून झाकलेली असते. तिच्या पोटात नांगर, दोर किंवा एखादी अंग टाकण्यापुरती जागा असते. बाउरायडरमध्ये ती मोकळी ठेवून दोन्ही कडांना गाद्या बसवतात. त्यामागे वाऱ्याची काच, काचेच्या मधोमध दारासारखे उघडणारे तावदान, काचेमागे उजव्या हाताला सुकाणू, त्यामागे मुख्य बैठक आणि अगदी पिछाडीला पाण्यात उतरण्याचा फलाट, अशी तिची मांडणी असते. लांबी साधारणपणे १७ ते ३० फूट.

हा प्रकार फोफावला तो अमेरिका आणि कॅनडातील गोड्या पाण्याच्या तलावांवर. सकाळी धक्क्यावरून निघायचे, एखाद्या शांत खाडीत नांगर टाकून पोहायचे, जेवायचे, गप्पा मारायच्या आणि अंधार पडायच्या आत परतायचे, असा तिथला दिवसभराच्या जलविहाराचा रिवाज आहे. बोटीवर रात्र काढायची नसल्यामुळे खोली नको, स्वयंपाकघर नको. ती सगळी जागा बैठकीला देता येते. बहुतेक लहान बाउरायडर आईवडील आणि दोन-तीन मुले असे कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून बांधलेल्या असतात. सहा-आठ मोठी माणसे दिवसभर बसणार असतील तर निवडीचे सगळे गणित बदलते. ही नोंद मुख्यतः त्या गणिताविषयी आहे.

घडण : आजची बाउरायडर तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे शक्य झाली. पहिली फायबरग्लास. साच्यातून हवा तो आकार काढता येऊ लागल्यावर नाळेत बैठक कोरणे सोपे झाले. दुसरी स्टर्नड्राइव्ह. या रचनेत इंजिन बोटीच्या आत, पिछाडीला असते आणि बोट ढकलणारा पंखा फिरवणारा खालचा भाग, म्हणजे ‘पाय’, बाहेर पाण्यात असतो. जिम विन यांच्या कल्पनेतून आलेली ही यंत्रणा व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ मध्ये ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने बाजारात आणली. १९६१ मध्ये याच धर्तीची ‘मर्क्रूझर’ आली. इंजिन मागे सरकल्याने बोटीचा मधला आणि पुढचा भाग माणसांसाठी मोकळा झाला. तिसरी गोष्ट म्हणजे बोटींचे आराखडे करणारे रे हंट यांनी रूढ केलेला खोल ‘व्ही’ आकाराचा तळ. १९६० च्या मायामी–नासाऊ शर्यतीत डिक बर्ट्राम यांची ‘मोपी’ ही अशाच तळाची बोट खवळलेल्या समुद्रातून पहिली आली आणि सपाट तळाच्या वेगवान बोटींचा काळ मागे पडला. हंट यांच्या तळाला पिछाडीपर्यंत सुमारे २४ अंशांचा उतार होता. तलावावरच्या बाउरायडरला तो साधारण १८ ते २१ अंश ठेवतात, कारण उतार जितका तीव्र तितकी लाट मऊ लागते, पण उभ्या बोटीत कोणी एका कडेला गेले की ती जास्त कलते आणि तिला इंधनही जास्त लागते.

ऐसपैसपणा कशावर ठरतो : अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान मोटारबोटीवर क्षमतेची पाटी लावणे कायद्याने सक्तीचे आहे. किती माणसे, किती वजन आणि इंजिन बाहेर टांगलेले (आउटबोर्ड) असेल तर त्याची कमाल अश्वशक्ती किती, हे तिच्यावर लिहिलेले असते. पाटीवर दहा माणसे लिहिली म्हणजे दहा माणसे आरामात बसतील, असा समज करून घेऊन पुष्कळ लोक फसतात. तो आकडा शांत हवेत बोट किती भार सुरक्षितपणे पेलेल याची मर्यादा सांगतो. गुडघे कुठे जातील हे सांगत नाही. मोठ्या माणसांसाठी बोट घेताना पाटीवरच्या आकड्याचे सरळ निम्मे किंवा फार तर दोनतृतीयांश धरावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लांबी वाढली की जागा त्याच प्रमाणात वाढते, हाही समज तपासून घ्यायला हवा. अमेरिकेत ट्रेलरवर लादून विनापरवाना रस्त्याने नेता येणाऱ्या बोटीची रुंदी साडेआठ फुटांना अडते. त्यामुळे २२ फुटी आणि २५ फुटी बोटींची रुंदी बऱ्याचदा एकच असते. खरा फरक पडतो तो ही रुंदी पुढे कुठपर्यंत टिकवली आहे यात. जुन्या धाटणीच्या टोकदार नाळेत दोन माणसे पाय पुढे पसरून बसली की दोघांची पावले टोकाशी एकमेकांवर येतात. तिसऱ्याला जागा उरते ती पावलांवर. हे जाणून अलीकडचे बांधणारे पाण्याखालचा भाग टोकदार ठेवतात आणि पाण्यावरचा भाग बाहेरच्या बाजूला फुलवत नेतात, म्हणजे खालून लाट कापली जाते आणि वर बैठकीला रुंदी मिळते. हाच विचार टोकाला नेला की ‘डेक बोट’ होते : नाळ जवळजवळ चौकोनी, जागा भरपूर, पण उलट्या लाटेवर आपटत जाणारी. खाऱ्या पाण्यावरच्या मासेमारीसाठी कडा उंच करून बांधलेल्या भावंडाला ‘ड्युअल कन्सोल’ म्हणतात. शांत, लहान तलावावर फक्त संथपणे फिरायचे असेल तर पिंपांवर तरंगणारी सपाट ‘पाँटून’ बोट जागेच्या बाबतीत या सगळ्यांना मागे टाकते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. बाउरायडर घ्यायची ती वेग, वळण आणि लाटेवरची चाल हवी म्हणून.

नाळेतली बैठक कागदावर पारखता येत नाही. ज्यांना घेऊन फिरायचे त्यांच्यापैकी चौघांना बरोबर न्यावे, चौघांनी एकाच वेळी नाळेत बसावे आणि निदान वीस मिनिटे उठू नये. गादीची तळापासूनची उंची कमी असेल तर गुडघे छातीकडे येतात. लहान मुलाला ते कळत नाही, पन्नाशीच्या माणसाची कंबर तासाभरात बोलू लागते. पाठीचा टेका खांद्याच्या पात्यांपर्यंत यायला हवा. बसल्यावर बोटीची कड काखेच्या आसपास आली तर माणूस निर्धास्त बसतो. कमरेशी आली तर प्रत्येक वळणावर हात कडेकडे धावतो. धरायची कडी बसल्या जागेवरून, न वाकता, हाताला लागली पाहिजे.

नाळेतले वजन : ही गोष्ट माहितीपत्रकात कुठेच लिहिलेली नसते, आणि मोठ्या माणसांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची हीच. चोवीस फुटी बाउरायडरचे रिकामे वजन सव्वादोन टनांच्या आसपास असते. प्रत्येकी ८० किलोची चार माणसे पुढे बसली म्हणजे ३२० किलो वजन बोटीच्या अगदी टोकाला गेले. दोन मुले बसली असती तर ते साठ-सत्तर किलो झाले असते. वजन पुढे गेले की नाळ खाली बसते, सुकाणू जड आणि चंचल होते, आणि बोट वेगातून एकदम हळू झाली की नाक आणखी खाली जाते. त्याच क्षणी समोरून दुसऱ्या बोटीने उठवलेली लाट आली तर ती सरळ बसलेल्यांच्या मांडीवर येते. नाळेत शिरलेले पाणी नाळेचे वजन आणखी वाढवते, आणि पुढची लाट अधिक सहज आत येते. म्हणून नाळेच्या तळाशी पाणी वाहून जाण्याची भोके आहेत का, ती पाणी थेट बाहेर टाकतात की बोटीच्या पोटात सोडतात, मधले तावदान आणि त्याखालचे दार घट्ट बंद होते का, हे पाहून घ्यावे. चालवणाऱ्याने मोठी लाट दिसताच आधीच वेग कमी करावा, ती जरा तिरकी घ्यावी आणि त्यापूर्वी पुढच्यांना मागे बोलवावे. नाळेच्या कडेवर बसून किंवा पाय बाहेर सोडून चालत्या बोटीत जाणे अमेरिकेतील अनेक राज्यांत गुन्हा आहे. पुढून पडलेला माणूस बोटीखालून थेट पंख्याकडे जातो.

पाण्याप्रमाणे बोट बदलावी लागते, हे कुठे प्रकर्षाने कळते याचे ठळक उदाहरण अमेरिकेच्या मिझुरी राज्यातील लेक ऑफ द ओझार्क्स. ओसेज नदीवर बॅगनेल धरण १९३१ मध्ये पूर्ण झाले आणि नदीच्या वेड्यावाकड्या खोऱ्यात हा तलाव भरला. त्याचा काठ ११०० मैलांहून लांब आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या ७२० किलोमीटरच्या समुद्रकिनाऱ्याच्या दुपटीहून अधिक. काठावर खासगी घरे, तरंगते धक्के आणि संरक्षक भिंती आहेत. उन्हाळ्यातल्या शनिवारी दुपारी मुख्य प्रवाहात मोठमोठ्या बोटी धावतात. त्यांच्या लाटा भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींत मिसळतात. वारा पडलेला असतानाही पाणी दिशाहीन उसळत राहते. अशा पाण्यात १९ फुटी बोटीत सहा मोठी माणसे घेऊन निघणे म्हणजे त्यांची पाठ आणि धीर दोन्ही पणाला लावणे. तिथे २४ ते २६ फुटांच्या खाली जाऊ नये. तीच १९ फुटी बोट डोंगराआडच्या लहान, शांत तलावात चौघांना सुखाने फिरवते. आधी पाणी ठरवावे, मग बोट.

युरोपीय संघाच्या नियमांत हाच विचार वर्गवारीत मांडलेला आहे. ‘सी’ वर्गाची बोट ६ बोफर्टपर्यंतचा (बोफर्ट हे वाऱ्याच्या जोराचे माप) वारा आणि २ मीटरपर्यंतच्या लाटा धरून आखलेली असते. ‘डी’ वर्गाची ४ बोफर्ट आणि साधारण ०.३ मीटरच्या लाटांसाठी. एकाच बोटीला कमी माणसांसह ‘सी’ आणि जास्त माणसांसह ‘डी’ असे दोन्ही शेरे मिळू शकतात.

दिवसभराच्या गरजा : सहा तास पाण्यावर काढायचे तर शौचालयाचा प्रश्न येतोच. बोट पाहताना तो सहसा कोणी मोठ्याने विचारत नाही, आणि मग त्रास सहन करतात त्या बरोबरच्या बायका आणि वयस्कर मंडळी. साधारण २३-२४ फुटांपुढच्या पुष्कळ बाउरायडरमध्ये सुकाणूच्या पलीकडच्या, म्हणजे डावीकडच्या, कन्सोलच्या (काचेमागच्या कपाटासारख्या भागाच्या) पोटात लहानसे दार असते आणि आत सुटे शौचपात्र ठेवायची जागा. तिथे शिरून, दार लावून, वळून बसता येते का, हे अंगाने थोराड माणसाने स्वतः करून पाहावे. एवढ्या एका सोयीसाठी दोन फूट जास्त लांबीची बोट घेणे शहाणपणाचे ठरते.

पाण्यातून वर येण्याची शिडीही अशीच दुर्लक्षित राहते. दोन बारीक गजांची शिडी विशीतल्या मुलाला पुरते. दुखऱ्या गुडघ्यांना रुंद, सपाट पायऱ्या लागतात आणि त्यांतल्या निदान दोन-तीन पाण्याखाली खोल गेलेल्या असाव्या लागतात. कॅन्ससमधील कोबाल्ट कंपनीने फलाटाचाच एक भाग उलटून पाण्याखाली पायरी होईल अशी रचना केली, ती उतारवयातल्या लोकांना विशेष मानवते. सावलीसाठी कापडी छत हवे, आणि ते लावल्यावर चालवणाऱ्याला ताठ उभे राहून समोरचे दिसायला हवे.

इंजिन : स्टर्नड्राइव्हमुळे पिछाडीचा फलाट सलग मिळतो. बाहेर टांगलेले आउटबोर्ड इंजिन फलाटाचे दोन तुकडे करते, पण बोटीच्या आत सामानाला जागा सोडते, दुरुस्तीला सोपे पडते आणि पाण्याबाहेर उचलता येत असल्याने खाऱ्या पाण्यात जास्त टिकते. जेट बोटीला उघडा पंखा नसतो. मात्र मंद गतीत ती सरळ ठेवायला सराव लागतो. ताकदीत काटकसर करू नये. रिकाम्या बोटीत विक्रेत्याबरोबर मारलेली चक्कर फसवी असते. इंधनाची टाकी भरून, सगळी माणसे बसवून बोट किती वेळात नाक खाली आणून पाण्यावर सरकू लागते ते पाहावे. वर चढताना नाळ फार वेळ आकाशाकडे राहिली आणि समोरचे पाणी दिसेनासे झाले, तर इंजिन कमी पडते आहे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने इंजिनाच्या कप्प्यात तळाशी साचते. म्हणून इंजिन आत असलेली बोट सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे वाफ बाहेर फेकणारा पंखा चालवतात. इंजिन चालू असताना मागच्या फलाटावर कोणी बसू नये, त्याला धरून पोहू नये; धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच सर्वांत दाट असतो आणि त्याला वास नसतो. अमेरिकेत २६ फुटांपेक्षा लहान वेगवान बोटींच्या चालकाने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला जोडणे १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट लागतेच, आणि ते मोठ्यांच्या मापाचे आहे ना, हेही पाहावे लागते.

महाराष्ट्र व गोवा : मुंबई बंदरातून मांडव्याकडे जाणाऱ्या खासगी वेगवान बोटींमुळे हा प्रकार इथल्या लोकांना ओळखीचा आहे. मात्र तलावासाठी आखलेली उघडी नाळ अरबी समुद्रात फक्त निवळ हंगामात आणि आडोशाच्या पाण्यात चालते. पावसाळ्यात गेटवे–मांडवा प्रवासी बोटीही बंद असतात. खाडी, मांडवी नदी आणि धरणांचे फुगवटे ही तिची खरी जागा. खाऱ्या पाण्यात ठेवायची असेल तर स्टर्नड्राइव्हपेक्षा आउटबोर्ड बरे. अमेरिकेतील मराठी मंडळी बोट विकत घेण्यापूर्वी उन्हाळ्यात ती दिवसभरासाठी भाड्याने घेऊन पाहू शकतात. आजी-आजोबांना वर चढता-उतरता येते का, हे त्या एका दिवसात कळते.

जुनी बोट घेताना : नाळ उघडी असल्याने तिच्यात पाऊस साचतो, आणि आच्छादन न घालता ठेवलेल्या बोटीत तो झिरपून तळाच्या फळ्यांपर्यंत जातो. नाळेच्या गाद्या काढून खालच्या जमिनीवर टाचेने जोर द्यावा. ती दबली तर आतले लाकूड कुजलेले आहे. इंजिनाला धरणारी मागची भिंत लहान हातोडीने ठोकावी : टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर पुढचे बोलणे थांबवावे. स्टर्नड्राइव्हचा पाय जिथे बोटीतून बाहेर पडतो तिथे घडीदार रबरी भाता असतो. पाय दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून त्याच्या घड्या उजेडात तपासाव्यात; तिथली एक चीर धक्क्याला बांधलेली बोट रातोरात बुडवू शकते.