त्रिकोणाचे प्रकार : बाजूंवरून आणि कोनांवरून

प्रत्येक त्रिकोणाला दोन नावं असतात, एक बाजूंवरून पडलेलं आणि एक कोनांवरून, आणि मुलांचा घोळ होतो तो बहुतेक वेळा ही दोन एकमेकांत मिसळल्यामुळेच. तिन्ही बाजू सारख्या तर समभुज, दोन सारख्या तर समद्विभुज, एकही जुळत नसेल तर विषमभुज. कोनांचं बघायचं तर तिन्ही 90 अंशांच्या आतले असले की लघुकोन, एक बरोबर 90 चा असला की काटकोन, आणि एक 90 च्या वर गेला की विशालकोन. तिघांची बेरीज 180 च भरते, त्यामुळे काटकोन किंवा विशालकोन एका त्रिकोणात एकच मावतो.

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून आणलेली साधी कंपास पेटी उघडा, त्यात दोन गुण्ये असतात. दोन्ही काटकोनच, पण एकाचे कोन 45, 45, 90 म्हणून तो समद्विभुज, आणि दुसऱ्याचे 30, 60, 90 म्हणून तो विषमभुज. या दुसऱ्याची सगळ्यात छोटी बाजू कर्णाच्या, म्हणजे काटकोनासमोरच्या बाजूच्या, निम्मी असते. असे 30, 60, 90 वाले दोन सारखे गुण्ये मधल्या लांबीच्या बाजूने एकमेकांना चिकटवून ठेवले तर समोर चक्क समभुज त्रिकोण तयार होतो, मुलांना हे एकदा हाताने करून बघू द्यावं, फळ्यावरच्या चार व्याख्यांपेक्षा जास्त लक्षात राहतं.

तीन आणि तीन प्रकारांच्या जोड्या 9 होतात, पण खऱ्यात 7 च मिळतात, कारण समभुजाचे कोन कायम 60-60-60, तो काटकोन किंवा विशालकोन होऊच शकत नाही. युक्लिडने समद्विभुज म्हणजे फक्त दोनच बाजू समान असं धरलं होतं, आता बहुतेक गणिती किमान दोन असं धरतात, म्हणजे समभुज हा पण समद्विभुजच. मला हेच बरोबर वाटतं, कारण समद्विभुजाबद्दल सिद्ध केलेलं सगळं समभुजाला आपोआप लागू पडतं.

चित्र बघून मात्र नाव देऊ नये. काटकोन खाली डाव्या कोपऱ्यात नसून वर तिरका असला की पोरं तो ओळखतच नाहीत, तेव्हा वही फिरवून बघायला सांगावं. कोनमापक नसेल तरी अडत नाही, सगळ्यात मोठ्या बाजूचा वर्ग घ्यायचा आणि उरलेल्या दोघींच्या वर्गांच्या बेरजेशी ताडून बघायचा. 4, 5, 6 मध्ये 36 हे 41 पेक्षा कमी, म्हणून लघुकोन, आणि 4, 5, 7 मध्ये 49 जास्त, म्हणून विशालकोन. बरोबर जुळलं तर काटकोन.

बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या जुन्या ग्रंथात, काटकोनाच्या दोन बाजूंच्या 3-4, 5-12, 8-15 अशा जोड्या आहेत आणि शुल्ब म्हणजे दोरीच. साइटवर गवंडी आजही तेच करतो, कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप लावतो. 5 फूट भरले तर कोपरा गुण्यात आहे, टेप 5 च्या पुढे गेला तर कोपरा उघडलाय म्हणजे विशालकोन झालाय, कमी भरला तर लघुकोन, मग खुंटी जराशी सरकवायची आणि परत टेप लावायचा.