ऑल-व्हील-ड्राइव्ह टर्बो मोटारींतील इंजिन-संवर्धन

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूवर फिरून सिलिंडरांत दाबाने हवा भरणारा टर्बोचार्जर आणि चारही चाकांना शक्ती पुरवणारी प्रेषणयंत्रणा असलेल्या मोटारीच्या इंजिनाची क्षमता टप्प्याटप्प्याने भाग बदलून वाढवण्याची पद्धत. हौशी मालक दीर्घकाळ घडवत राहतो अशा मोटारीस प्रोजेक्ट कार म्हणतात. कोणता भाग आधी बदलावा आणि कोठे थांबावे, हा या पद्धतीचा गाभा आहे. टर्बो इंजिनात भरणदाब (टर्बोने आत भरलेल्या हवेचा दाब) वाढवून अधिक शक्ती मिळवणे तुलनेने सोपे असते. ती शक्ती सोसणारे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्लच आणि गिअरबॉक्स मात्र मूळच्याच क्षमतेचे राहतात.

टर्बोचार्जरच्या जनकत्वाविषयी एकवाक्यता नाही. बहुतेक लेखक स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांच्या १९०५ सालच्या पेटंटाकडे बोट दाखवतात. तथापि त्या पेटंटातील मांडणीत संपीडक (हवा दाबणारा भाग), पिस्टन इंजिन आणि टर्बाइन (वायूने फिरणारे चक्र) ही एकाच शाफ्टवर जोडलेली होती. इंजिनापासून यांत्रिकदृष्ट्या सुटा, केवळ निष्कास वायूच्या बळावर फिरणारा आजचा टर्बोचार्जर तो नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ऑग्यूस्त रातो यांनी विमानाच्या इंजिनांसाठी असा सुटा संच तयार केला, आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये सुमारे ४,३०० मी. उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर लिबर्टी या विमान-इंजिनाला तो जोडून चाचणी घेतली. विरळ हवेत गमावलेली शक्ती त्यामुळे भरून निघाली. मूळ कल्पना ब्यूखी यांची आणि उड्डाणासाठी उपयुक्त रूप रातो व मॉस यांचे, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते. ब्यूखी यांच्या पद्धतीला सागरी डीझेल इंजिनांत यश मिळाले ते १९२० च्या दशकाच्या मध्यास.

प्रवासी मोटारींत टर्बोचार्जर प्रथम कोणी आणला, याबाबतही असाच वाद आहे. ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर या दोन्ही मोटारी १९६२ मध्ये, थोड्याच अंतराने बाजारात आल्या. मान सहसा जेटफायरला दिला जातो. अग्रक्रमापेक्षा या दोन मोटारींतील रचनेचा फरक अधिक महत्त्वाचा आहे, कारण संवर्धकाला आजही त्याच दोन वाटांमधून निवड करावी लागते. जेटफायरमध्ये संपीडन गुणोत्तर (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) १०.२५ इतके चढे ठेवून नॉकिंग (मिश्रणाचे अवेळी स्फोटक ज्वलन) रोखण्यासाठी पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण आत फवारले जाई. कॉर्व्हेअरमध्ये संपीडन गुणोत्तरच सुमारे ८ पर्यंत खाली आणले होते. पहिल्या वाटेने कमी दाबावरही इंजिन तरतरीत राहते, पण संरक्षक द्रव संपला की धोका उद्भवतो. जेटफायरच्या अनेक मालकांनी तो द्रव वेळेवर भरला नाही आणि ते प्रतिमान १९६३ नंतर बंद झाले. दुसऱ्या वाटेने सुरक्षिततेचा पल्ला वाढतो, परंतु टर्बो वेग घेईपर्यंत इंजिन सुस्त वाटते.

टर्बो आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह यांचा संगम लोकप्रिय झाला तो १९८० च्या आउडी क्वाट्रोपासून. रॅलीतील ग्रुप बी वर्ग १९८६ अखेर बंद झाला आणि रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या मोटारींवर आधारलेला ग्रुप ए वर्ग अग्रभागी आला. यामुळे लान्शिया डेल्टा इंटिग्राले, टोयोटा सेलिका जीटी-फोर, मित्सुबिशी गॅलंट व्हीआर-४ आणि पुढे लान्सर एव्होल्यूशन, सुबारू लेगसी व इम्प्रेझा या मोटारी सामान्य ग्राहकाच्या हाती पडल्या. निस्सान स्कायलाइन जीटी-आर ही १९८९ ची मोटार मात्र मुख्यतः सर्किट शर्यतींसाठी घडवली गेली.

या मोटारींच्या इंजिनांचे ब्लॉक (सिलिंडर सामावणारे मुख्य अंग) सारखे नाहीत आणि निवडीचा आरंभ तेथूनच व्हावा. मित्सुबिशीचे ४जी६३ (सिलिंडराचा व्यास × स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८५ × ८८ मिमी.), टोयोटाचे ३एस-जीटीई (८६ × ८६ मिमी.) आणि निस्सानचे सहा सिलिंडरांचे आरबी२६ (८६ × ७३.७ मिमी.) ही इंजिने बिडाच्या ब्लॉकची असून वाढीव दाब चांगला सोसतात. सुबारूचे ईजे इंजिन ॲल्युमिनियमचे आणि आडव्या सिलिंडरांचे आहे. त्याच्या सिलिंडरांच्या वरच्या कडेला ब्लॉकचा आधार किती, हे आवृत्तीनुसार बदलते, आणि २.५ लिटर आवृत्तीत पिस्टनच्या रिंगांमधील कड तुटण्याचा दोष परिचित आहे. आरबी२६ च्या आरंभीच्या आवृत्तीत ऑइल पंप चालवणारा क्रँकशाफ्टवरील भाग आखूड असल्याने, चढ्या फेऱ्यांवर (इंजिन अतिवेगाने फिरताना) तो पंप निकामी होण्याची भीती असते. अशा वेळी मोठ्या टर्बोपूर्वी ऑइल पंपावर खर्च करणे हीच शहाणी निवड होय.

इंजिनाची शक्ती त्यात शिरणाऱ्या हवेच्या वस्तुमानावर अवलंबून असते, दाबावर नव्हे. २५° से. तापमानाची हवा वातावरणदाबाच्या दुप्पट दाबली, तर आदर्श संपीडकातही तिचे तापमान सुमारे ९०° से. होते, ७० टक्के कार्यक्षमतेच्या संपीडकात ते ११८° से. च्या आसपास जाते. त्यामुळे दाब दुप्पट होऊनही घनता दीडपटच वाढते. इंटरकूलरने (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाने) तीच हवा ४५° से. पर्यंत थंड केल्यास, दाबातील किरकोळ घट सोडून दिली तर, घनता सुमारे १.८७ पट होते. याचा अर्थ असा की, भरणदाब तसूभरही न वाढवता शक्ती वाढवता येते आणि थंड हवेमुळे नॉकिंगही मागे हटते. चांगला इंटरकूलर टर्बोआधी घ्यावा, या जाणकारांच्या आग्रहामागे हेच गणित आहे. यानंतर इंधनपुरवठ्याचा विचार येतो. इथेनॉलप्रधान इंधन ई८५ नॉकिंगला उत्तम रोखते, पण पेट्रोलच्या तुलनेत त्याचे आकारमान सुमारे एकतृतीयांशाने वा त्याहून अधिक लागत असल्याने इंजेक्टर व पंप दोन्ही बदलावे लागतात.

अंतर्गत भागांवर दोन वेगवेगळे भार येतात आणि त्यांची गल्लत पुष्कळदा होते. रॉडवरील ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला ७,००० ऐवजी ८,००० फेरे घेतल्यास तो सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतो. रॉड वाकवणारा दाब मात्र सिलिंडरातील वायुदाबातून, म्हणजेच टॉर्कमधून (शाफ्ट फिरवणाऱ्या बळातून) येतो. म्हणून कमी फेऱ्यांवर एकदम चढा दाब देणारा लहान टर्बो मूळ रॉडसाठी अधिक घातक ठरू शकतो. पिस्टनच्या निवडीत २६१८ क्रमांकाची घडीव ॲल्युमिनियम मिश्रधातू नॉकिंगचे आघात सोसते, परंतु उष्णतेने अधिक प्रसरण पावते. त्यामुळे सिलिंडरात जास्त फट ठेवावी लागते आणि थंड इंजिनात पिस्टनचा खडखडाट ऐकू येतो. सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेली ४०३२ कमी प्रसरण पावते, मात्र तुलनेने ठिसूळ असते. नित्य वापराच्या मोटारीसाठी तीच अधिक सोयीची. ४जी६३ मध्ये मित्सुबिशीच्याच ४जी६४ इंजिनाचा १०० मिमी. स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट बसवून आकारमान सुमारे २.२७ लिटर करता येते. यामुळे टर्बो लवकर फिरतो, परंतु ७,५०० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २२ मी. वरून २५ मी. होतो. चढ्या फेऱ्यांचे इंजिन हवे असलेल्याने हा बदल टाळावा.

ऑल-व्हील-ड्राइव्ह मोटारीत आणखी एक मर्यादा येते. दोनच चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारीत जादा टॉर्क चाके घसरून निघून जातो. येथे चारही टायर रस्ता धरून ठेवत असल्याने सुरुवातीचा धक्का क्लच, गिअरबॉक्स आणि मधल्या डिफरेन्शियलवर (पुढच्या व मागच्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या भागावर) येतो. सुबारूच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्सची मर्यादा इंजिनाच्या मर्यादेआधी गाठली जाणे नवलाचे नाही. म्हणून शक्तीचे उद्दिष्ट ठरवताना प्रेषणयंत्रणेपासून मागे इंजिनाकडे येणे श्रेयस्कर, आणि मध्यम फेऱ्यांतील टॉर्क इसीयूच्या (इंजिन-नियंत्रक संगणकाच्या) नकाशात आवरून चढ्या फेऱ्यांवर शक्ती घेणे, ही कमी खर्चाची वाट ठरते. चारही टायरांचा परीघ सारखा असणेही आवश्यक असते. तसे नसल्यास मधल्या डिफरेन्शियलचे व्हिस्कस कपलिंग (दाट द्रवाने भरलेली जोडणी) सतत फरक भरून काढत तापते.

प्रत्येक टप्प्यानंतर मोजमाप अनिवार्य असते. त्यासाठी हवा-इंधन गुणोत्तर दाखवणारा वाइडबँड सेन्सर, नॉकिंगची नोंद आणि चारही चाके एकाच वेळी फिरवणारा डायनामोमीटर (शक्तिमापक यंत्र) लागतो. चाकांवर मोजलेली शक्ती क्रँकशाफ्टवरील शक्तीपेक्षा कमी असते, तेव्हा दोन आकडे कोठे मोजले हे पाहिल्याशिवाय त्यांची तुलना करू नये. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (निष्कास वायूतील प्रदूषण कमी करणारा भाग) काढून टाकणे अनेक देशांत बेकायदेशीर असल्याने निष्कासनलिका बदलताना तो कायम ठेवणारी रचना निवडली जाते.