तुमची लेणी समुद्रात का जातात? क्यूजीआयएसची फाइल पाठवण्याआधी वाचा

उत्खनन, स्थळसर्वेक्षण आणि वारसा-अहवालांसाठी आमच्याकडून नकाशे करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

"कान्हेरीचे बिंदू दिसतच नाहीत." "जुन्या टोपोशीटवर पांढरीचं (जुन्या वस्तीचं) टेकाड ओढ्यापलीकडे गेलं." "शंभर मीटरचा बफर (भोवतालचा पट्टा) काढला तर अख्खी पृथ्वी झाकली गेली." या तिन्ही तक्रारी आठवड्यातून एकदा तरी येतात आणि तिन्हींचं मूळ एकच आहे: निर्देशांक प्रणाली, म्हणजे सीआरएस. नकाशावर कोणता आकडा कुठे बसतो हे ती ठरवते. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर बसवून, सॅटेलाइट चित्रावर दोन-चार लेयर टाकण्यापर्यंत तुम्ही पोहोचला आहात असं धरून पुढचं लिहिलं आहे.

चूक अशी होते. बिंदू भलतीकडे दिसले की लेयरवर उजवं क्लिक करून 'सेट लेयर सीआरएस' उघडलं जातं आणि यादीतल्या प्रणाल्या एकामागून एक लावून पाहिल्या जातात. एखादीनं बिंदू मुंबईच्या आसपास आले की झालं, फाइल जतन. पण हा पर्याय आकड्यांना हातच लावत नाही. आकडे कोणत्या प्रणालीतले आहेत याची चिठ्ठी तेवढी बदलतो. सातबाऱ्यावर 'गुंठे' खोडून 'एकर' लिहिलं म्हणून जमीन चाळीसपट होत नाही. गुंठ्यांना चाळीसनं भागावं लागतं. तो भागाकार क्यूजीआयएसमध्ये 'एक्सपोर्ट'खालच्या 'सेव्ह फीचर्स ॲज'मध्ये होतो, किंवा प्रोसेसिंग टूलबॉक्समधल्या 'रिप्रोजेक्ट लेयर'मध्ये. 'सेट' वापरायचं ते फाइलवर चिठ्ठीच नसेल किंवा चुकीची असेल तेव्हा, आणि तेही खरी प्रणाली कोणती हे मोजणी करणाऱ्याला विचारून.

अंदाजानं चिठ्ठी लावलेली फाइल आली की आम्हाला त्या मोजणीवाल्याला गाठावं लागतं. तोवर तो दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. नकाशाला उशीर होतो तो बहुतेक वेळा यामुळे.

कोणत्या समुद्रात?

बिंदू कुठे बुडाले यावरूनच बरंचसं निदान होतं. मुंबईचे अक्षांश साधारण १९ आणि रेखांश ७२.८ ते ७३. नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात बिंदू दिसले, तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे. क्यूजीआयएसला एक्स म्हणजे रेखांश आणि वाय म्हणजे अक्षांश लागतो, आपण बोलताना मात्र अक्षांश आधी म्हणतो. सगळे बिंदू मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्ताला चिकटून, एकाच ठिपक्यात गोळा झाले असतील, तर अंशांतल्या आकड्यांवर यूटीएम (मीटरांत मोजणारी प्रणाली) झोन ४३ची चिठ्ठी लागली आहे, सॉफ्टवेअरनं ७२.९ अंश हे ७२.९ मीटर समजून घेतले. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात एखाददुसरा बिंदू असेल, तर त्या ओळीत निर्देशांकांच्या जागी शून्य पडलं आहे.

सगळ्यात फसवा आपला अरबी समुद्र. कान्हेरी साधारण १९ अंश १२ मिनिटं, ७२ अंश ५४ मिनिटांवर आहे. कुणीतरी एक्सेलमध्ये ते १९.१२ आणि ७२.५४ असं भरतं, आणि लेणी जुहूच्या किनाऱ्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर आत पाण्यात जातात. १२ मिनिटं म्हणजे ०.२ अंश आणि ५४ मिनिटं म्हणजे ०.९. म्हणून नेहमी दशांश अंशांत, किमान पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा. पाचवं स्थळ म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. फोनच्या जीपीएसला त्यापुढचे आकडे पेलत नाहीत, दाखवतो मात्र भरपूर.

सीएसव्ही (एक्सेलमधून मजकूर म्हणून जतन केलेला तक्ता) आणताना 'ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर'मध्ये एक्सला रेखांशाचा रकाना, वायला अक्षांशाचा, आणि सीआरएस ईपीएसजी:४३२६ (जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ अक्षांश-रेखांशांचा क्रमांक) निवडा. बिंदू जागेवर बसले की लेयर ईपीएसजी:३२६४३मध्ये एक्सपोर्ट करा. हा यूटीएम झोन ४३ उत्तर. ७२ ते ७८ पूर्व रेखांशांना चालतो. यानंतर कान्हेरीचा एक्स २ लाख ८० हजारांच्या आणि वाय २१ लाख २५ हजारांच्या आसपास दिसायला हवा. विदर्भातलं पवनी किंवा मनसर असेल, तर झोन ४४, म्हणजे ३२६४४.

शंभर मीटरचा प्रश्न

मुंबईत हे सगळं खर्चात पडतं ते इथे. १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, केंद्र संरक्षित स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. अंधेरीच्या महाकाली लेण्यांसारख्या ठिकाणी, चहूबाजूंनी वस्ती असताना, दहा मीटरचा फरकही एखाद्या इमारतीला आत किंवा बाहेर करतो.

४३२६मधल्या लेयरवर बफरच्या खिडकीत १०० लिहिलं तर ते १०० अंश होतात. खिडकीत एककाशेजारी पिवळा इशारा असतो, तो कुणी वाचत नाही. लेयर ३२६४३मध्ये नेऊन १०० आणि ३०० मीटरचे दोन बफर काढा आणि मोठ्यातून लहान 'डिफरन्स'नं वजा करा. उरलेलं कडं म्हणजे नियंत्रित क्षेत्र. अंतर संरक्षित हद्दीपासून मोजायचं, लेण्याच्या मधोमध टाकलेल्या टाचणीपासून नाही. आणि हा नकाशा तुमच्या नियोजनासाठी आहे. परवानगीच्या जागी तो चालत नाही, हे आम्ही प्रत्येक प्रतीवर छापतो. काही ग्राहकांना ते आवडत नाही, तरी छापतो.

आता जुनी टोपोशीट. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी १:५०,००० पत्रकं एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणितावर) बेतलेली आहेत, डब्ल्यूजीएस ८४वर नव्हेत. त्यांच्या कडेचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे ४३२६ म्हणून टाकले की मुंबई परिसरात सगळं शंभर मीटरच्या आगेमागे सरकतं. म्हणजे अख्खं प्रतिबंधित क्षेत्रच गिळलं जातं! पत्रक ओढूनताणून बसवण्याऐवजी जिओरेफरन्सिंग (स्कॅनला निर्देशांक देणं) करताना रेषांच्या छेदबिंदूंना कलियाणपूर १९७५ (ईपीएसजी:४१४६) द्या आणि मग 'वार्प'नं ३२६४३मध्ये आणा. तरीही लक्षात ठेवा, त्या प्रमाणावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर असते. टोपोशीटवरून पांढर कुठे असावी हे कळतं, चर कुठे घ्यावा हे नाही.

फाइल कशी पाठवायची

शेपफाइल शक्यतो नको. ती एक फाइल नसून कुटुंब असतं. नुसती एसएचपी पाठवली की नकाशा उघडत नाही, आणि पीआरजे मागे राहिली की सीआरएसची चिठ्ठीच हरवते. शिवाय रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट. देवनागरीत त्यात मात्रांसकट जेमतेम तीन अक्षरं बसतात, म्हणून 'वीरगळ' अर्धवट तुटतो. जिओपॅकेज पाठवा: एकच फाइल, मराठी नोंदी शाबूत. साइटवर क्यूफील्ड हे मोबाइल ॲप वापरत असाल तर त्यातही जिओपॅकेज चालतं. लेण्याच्या आत उपग्रहांचे संकेत पोहोचत नाहीत. मोकळ्या जागी तोंडाशी नोंद घ्या आणि आतलं टेपनं मोजा.

सॉफ्टवेअर फुकट, मग पैसे कशाचे?

हा प्रश्न रास्त आहे. क्यूजीआयएस २००२ साली गॅरी शर्मन यांनी सुरू केलं आणि आज जगभरचे लोक ते जीपीएल परवान्याखाली सांभाळतात. त्याचा एक रुपयाही आम्ही लावत नाही. आम्ही पैसे घेतो ते हद्दी तपासण्याचे, जुने नकाशे बसवण्याचे आणि चुकलं तर पुन्हा करून देण्याचे. आलेली फाइल उघडून सीआरएस बरोबर आहे का हे सांगणं मोफत आहे, काम आम्हाला दिलं नाही तरी.

बरंचसं तुम्हाला स्वतःलाही जमेल, आणि अडलं तर क्यूजीआयएसच्या समुदायातले लोक मनापासून मदत करतात. फक्त "नकाशा चालत नाही" एवढ्यावर कुणी काही सांगू शकत नाही. क्यूजीआयएसची आवृत्ती, लेयरचा आणि प्रोजेक्टचा सीआरएस, चूक दाखवणाऱ्या संदेशाचे नेमके शब्द आणि चार-पाच बिंदूंची छोटी फाइल द्या. ती फाइल खोट्या बिंदूंची असू द्या. जाहीर न झालेल्या स्थळाचे खरे निर्देशांक चारचौघांत टाकणं म्हणजे मूर्तिचोरांना पत्ता देणं. तळाशी ओपनस्ट्रीटमॅप वापरलं असेल, तर त्याच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख छापील अहवालातही करावा लागतो. ती परवान्याची अट आहे.

फाइलसोबत एका ओळीत कळवा: मोजणी कशानं केली, कोणत्या तारखेला, कोणत्या सीआरएसमध्ये. खापरांचे आणि वीरगळांचे फोटो व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवू नका, त्यातली जागेची नोंद गळून पडते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.